जात्याला टाकी कोण लावतं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलं असेल. दिनकर केळकरांनी ते अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी उभारलं आणि पुढे शासनाच्या स्वाधीन केलं. तिथं दिवे, अडकित्ते, वज्री, फण्या, करंडे, स्वयंपाकाची भांडी आहेत. म्हणजे बायकांच्या हातात वावरलेल्या वस्तू! त्या जमवताना पत्नी कमलाबाईंची साथ होती. संग्रहालयाच्या नावात मुलगा आहे, वडील आहेत, त्या नाहीत.

संग्रहालयाचं काम शिकताना मला वस्तूची नोंद अशी शिकवली: नाव, धातू, मोजमाप, ठिकाण, शतक. ती कुणी वापरली, हा रकानाच नव्हता. आणि मला तो सुचलाही नाही.

मग एका वस्तीत आम्ही प्रदर्शन मांडलं. जात्यापुढे मी चिठ्ठी लावली, 'जाते. दगड. दळण्याचे साधन.' शिवाय, आपल्या आज्या पहाटे उठून कशा दळायच्या, हे मोठ्या उमाळ्यानं सांगत होते. एक वडार आजी आल्या. वरची तळी उचलायला लावली, बोटं फिरवली.

"टाकी गेलीय याची. पीठ कसं पडायचं? आम्ही दारोदार फिरून टाकी लावायचो. बाया भाकरी द्यायच्या, पण वरून टाकायच्या. ओट्यावर चढू देत नव्हत्या."

माझ्या 'आपल्या आज्यां'मध्ये या आजी नव्हत्याच.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या. तिथं गाणारीचं नाव आहे, गाव आहे, जातही आहे. जात लिहिलेली काहींना खटकते. मला विचाराल तर, ती लिहिली नाही तर ओटा दिसणारच नाही.

आता आपण आपल्या कार्यालयात जुन्या वस्तूंची खोली मांडतोय. आजींचे शब्द जात्याशेजारी लावू या म्हटल्यावर आपल्यातल्याच दोघी म्हणाल्या, "कशाला जुनं उकरायचं? बायकाबायकांत फूट पडेल." वाद अजून मिटलेला नाही. पण शब्द आजींचे आहेत. ते लावायचे का, नाव घालायचं का, हे त्यांना विचारायला मी रविवारी वस्तीत जातेय. त्या दोघींनीही यावं, असं मला वाटतं.