आधी कोठी, मग दस्ता
(जिल्हा बैठकीत गावोगावच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाचा विषय दुपारनंतर आहे. आत्ता आम्हाला बोलायचे आहे ते गावात शाखा चालवणाऱ्यांशी. गेल्या काही बैठकांत एकच रडगाणे ऐकू येते. माणसे येत नाहीत, आली तर बोलत नाहीत, हात वर करतात आणि आंदोलनाच्या दिवशी घरात बसतात. एक कार्यकर्ता तर म्हणाला, "आमच्या गावची माणसंच भित्री." या वाक्याचा आज निकाल लावू. त्यासाठी आपला कोरडवाहू मुलूख सोडून थोडे लांब, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूरकडे जावे लागेल.

तिकडे ना कापूस, ना ज्वारी. धो धो पाऊस, भात, नागली, वरी. मुंबईची तहान भागवणारे तानसा आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. विदर्भ-मराठवाड्याच्या माणसाला ही तऱ्हा नवीन नाही. पिकवायचे एकाने, खायचे दुसऱ्याने. सावकारीही ओळखीचीच. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी उचलायची आणि सुगीला दिढी-दुपटीने फेडायची. आपल्याकडे आषाढात ज्वारीचे जे होत असे, तेच तिकडे भाताचे.

या मुलखाच्या कडेला माथेरानच्या डोंगरावर 1 डिसेंबर 1912 रोजी एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मला. लोक त्यांना भाई कोतवाल म्हणत. पोरगा वकील झाला. मुंबईत काळा कोट घालून सुखात राहता आले असते. त्याने काय केले? आसपासच्या गावांत शाळा काढल्या आणि धान्यकोठ्या उभ्या केल्या. अडीअडचणीला शेतकऱ्याने सावकाराच्या ओट्यावर जाण्याऐवजी कोठीवर यावे, एवढा साधा हिशेब. ही कोठी ध्यानात ठेवा.

1942 चे आंदोलन पेटले, तेव्हा याच माणसाने आझाद दस्ता उभा केला. सप्टेंबर ते नोव्हेंबर 1942 या काळात दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. सरकारने पकडून देणाऱ्यास बक्षीस लावले. पोलीस मागावर असताना हे लोक रानात राहिले. रानात दडलेल्याला भाकर आणि खबर पोचवायची कोणी? गावानेच. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठले. गोळीबारात भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले. दर 2 जानेवारीला तिथे लोक जमतात.

आपल्या सभांतून सांगितला जातो तो सिद्धगड. कोठीची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण तीत बंदुकीचा आवाज नाही. आमच्या मते मात्र दस्त्याचे बळ कोठीतून आले. ज्याच्या घरात पावसाळ्यात चूल पेटत नाही, त्याला कोतवालांनी आधी शौर्य शिकवले नाही. त्याच्या चुलीची सोय पाहिली. पुढे जे मागितले, ते त्या नात्याच्या जोरावर.

दोन वर्षांनी याच पट्ट्यात आणखी एक गोष्ट घडली. शहापूरच्या अलीकडे रेल्वेलाईनवर टिटवाळा आहे. 1945 च्या जानेवारीत तिथे किसान सभेची परिषद भरली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर हे तिचे पुढारी. उंबरगावकडून थोडे वारलीही आले होते. जिल्ह्याच्या त्या टोकाला वेठ होती, मारहाण होती, आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवराबायको जमीनदाराकडे राबत. त्या माणसाचे नावच पडले होते लग्नगडी. त्या वारल्यांकडे पाहून कोणीही म्हणाले असते, "भित्री माणसं."

गोदावरीबाई पुण्याच्या, वकिलीची परीक्षा झालेल्या. त्या पायी पाड्यावर गेल्या, झोपडीत राहिल्या, असेल ते खाल्ले, त्यांची बोली कानात साठवली. 23 मे 1945 ला झरी इथे हजारो वारली जमले. हे गाव आज पालघर जिल्ह्यात, तलासरी तालुक्यात येते. तिथले ठराव पाहा. वेठ करायची नाही. दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचे नाही. अक्षर न येणाऱ्याला घरी जाऊन बायकोला सांगता येतील, असे ठराव. आपले ठराव दोन-दोन पाने असतात, आणि वाचणाऱ्यालाच दम लागतो. मग लोक घोळक्याने जाऊन लग्नगडी सोडवू लागले. एकटा माणूस मालकाच्या दारात उभा राहू शकत नव्हता. तोच माणूस शंभरांबरोबर गेला, दुसऱ्याला सोडवून आला, आणि परतताना त्याची मान सरळ होती. भाषण ऐकून माणसाचे भय जात नाही. काहीतरी हाताने करून पाहिले की जाते.

आता एक कडू गोष्ट. 1945 च्या ऑक्टोबरात तलवाड्याला अफवा उठवली गेली, की बाई येणार आहेत आणि त्यांच्या जिवाला धोका आहे. हजारो आदिवासी धावून आले. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. मग परुळेकरांना जिल्ह्याबाहेर घालवण्यात आले. सरकारला वाटले, आता संप मोडेल. मोडला नाही. 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये, हा दर लोकांनी मिळवला. बाईवरच्या मायेने लोक धावले, ही त्या नेतृत्वाची मोठी कमाई. पण ती मायाच कोणी जाळे म्हणून वापरली. तुमच्या नावावर गाव धावत असेल, तर तुमच्याशिवाय चालणारी पाच माणसे गावात तयार करा. गोदावरीबाईंनी हे सगळे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिले. त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शाखेत एक प्रत ठेवा.

आता आपल्या गावाकडे. जो शेतकरी तीन बैठकांना आला नाही, त्याला तुम्ही फितूर म्हणता. त्याच्या घरी गेलात का? बोंडअळीने पऱ्हाटी गेली असेल, बँकेची नोटीस आली असेल, मुलीची सोयरीक अडली असेल. आपल्या कापसाच्या पट्ट्यात किती माणसे अशी गप्प होत होत गेली, हे या मांडवात कोणाला सांगावे लागत नाही. गेलात तर पहिल्या भेटीत वर्गणी, मोर्चा, बिल्ला यातले काही काढू नका. बसा, चहा घ्या, त्याचे ऐका. तो म्हणेल, "काही नाही, बरं चाललंय." तेव्हा उठू नका.

कोठी आजही लागते. ज्वारीचा पेरा घटला, घरातली कणगी गेली, तेव्हा कोठी दाण्यांचीच हवी असे नाही. बँकेचा कागद वाचून देणारा, पीक विम्याची तक्रार लिहून देणारा, पेरणीला दोन दिवस बैलजोडी देणारा, ही शाखेची कोठी. आणि ज्याचा कागद आज तुम्ही वाचलात, त्याला उद्या दुसऱ्याबरोबर बँकेत पाठवा. तो साहेबापुढे खुर्ची ओढून बसेल. त्या दिवशी तो कार्यकर्ता झाला.

मायबहिणींना मागे बसवू नका. कोणत्या घरात चूल थंड आहे, हे वेचणीला जाणाऱ्या बाईला तुमच्या आधी कळते.

जेवणाच्या सुट्टीआधी प्रत्येक शाखेने एका चिठ्ठीवर आपल्या गावातल्या न येणाऱ्या तीन घरांपुढे कोण जाणार त्याचे नाव लिहून व्यासपीठावर द्यावे. घरवाल्याचे नाव लिहू नका, जाणाऱ्याचे लिहा.