स्वमग्नता आणि घरातला अर्धा तास

स्वमग्नता, म्हणजे रोजच्या बोलण्यात ज्याला ऑटिझम म्हटले जाते ती मेंदूच्या जडणघडणीतली भिन्नता, लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांच्या निरीक्षणावरून वर्णन केली. परंतु पुढे बराच काळ तिचे खापर आईच्या कथित कोरडेपणावर फोडले गेले आणि ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने त्या आरोपाला विद्वत्तेचे वजनही दिले. वस्तुतः स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच या स्थितीचे मूळ जैविक असल्याचे साधार मांडले होते, पण आयांच्या माथी बसलेला ठपका त्यामुळे लगेच पुसला गेला नाही. कुटुंबाला आधार देण्याचा विचार करताना हा इतिहास विसरून चालत नाही.

गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेत काम करणाऱ्या डॉ. गौरी दिवाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुटुंबाला कोणता आधार हवा, हा प्रश्न घरच्यांच्या तोंडून समजून घेतला. निदानानंतर कुटुंबे आधी नातेवाइकांपासून व समारंभांपासून दूर सरकतात आणि कालांतराने पुन्हा माणसांत मिसळतात, असे त्यात दिसले. डॉक्टर, शिक्षक आणि धर्मक्षेत्रातली मंडळी यांचे अज्ञान हा या कुटुंबांवरचा आणखी एक भार असल्याचेही आढळले.

तज्ज्ञ मोजके आणि मुले पुष्कळ असताना उपाय कोणी करायचा, याचे एक उत्तर ‘पास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीने शोधले. जोनाथन ग्रीन यांच्या चमूने ब्रिटनमध्ये विकसित केलेली पद्धत दिवाण, आतिफ रहमान, विक्रम पटेल आदींनी दक्षिण आशियासाठी जुळवून घेतली आणि गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी येथील दोन ते नऊ वर्षे वयाच्या ६५ मुलांवर तपासली. सहा महिन्यांत बारा बैठका आणि पालकांना शिकवणारे तज्ज्ञ नव्हेत तर प्रशिक्षित साधे कार्यकर्ते, असा हा बेत होता.

पद्धतीचा गाभा चित्रफितीत आहे. मूल आणि पालक खेळत असताना चित्रण केले जाते, मग कार्यकर्ता आणि पालक ते एकत्र पाहतात. समजा, मूल खेळण्यातली मोटार उलटी धरून तिचे चाक फिरवत बसले आहे आणि आई ‘अशी नाही, सरळ चालव’ म्हणत ती हातातून घेते आहे. फीत थांबवून पाहिले की आईच्या लक्षात येते, त्या क्षणी मुलाची नजर चाकावर होती. पुढच्या वेळी ती थांबते, मूल चाक फिरवते तेव्हा ‘चाक फिरतंय’ एवढेच म्हणते आणि वाट पाहते. मुलाच्या लक्षाला धरून दिलेल्या अशा प्रतिसादाला संशोधक ‘समलय प्रतिसाद’ म्हणतात. पाळण्याजवळ बसलेल्या आजीबाईंना ही कला नावाशिवायही ठाऊक असते, हे इथे नमूद करायला हरकत नाही.

२०१६ मध्ये छापलेले निष्कर्ष आशादायक पण सरळसोट नाहीत. पालकांचे समलय प्रतिसाद वाढले आणि मुले स्वतःहून संवादाला सुरुवातही अधिक करू लागली. मात्र दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर स्थिरावण्याचा वेळ, ज्याला सामायिक अवधान म्हणतात, उलट घटला. न रुचणारा आकडाही तितक्याच ठळकपणे मांडला गेला, हे या अभ्यासाच्या बाजूने सांगितले पाहिजे.

तरी एक धोका उरतोच. ज्या आईला एकेकाळी आजाराचे कारण ठरवले, तिलाच आता उपचाराचे साधन केले जात आहे, आणि मूल सुधारले नाही तर ‘नीट सराव केला नसेल’ हा जुनाच आरोप नव्या भाषेत परत येऊ शकतो. अशा पद्धतीत घरी रोज साधारण अर्धा तास सराव अपेक्षित असतो. स्वयंपाक, नोकरी आणि दुसऱ्या मुलाचा अभ्यास सांभाळणाऱ्या बाईसाठी तो अर्धा तास कोण मोकळा करून देणार, याची तजवीज कोणत्याही बारा बैठकांत होत नाही, ती घरातल्या इतरांनाच करावी लागते.