खजिनदाराची निवडणूक

जिल्ह्याची तिजोरी सांभाळणारा अधिकारी मतें मागून निवडून यावा, ही कल्पना आपणांस चमत्कारिक वाटेल. अमेरिकेंत बऱ्याच राज्यांत कौंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचा, खजिनदार असाच निवडला जातो.

कॅलिफोर्नियांतील ऑरेंज कौंटींत रॉबर्ट सिट्रॉन हे गृहस्थ वीस वर्षांहून अधिक काळ या पदावर होते. १९९४ च्या जूनमध्यें त्यांच्याविरुद्ध जॉन मूरलॅक नांवाचे हिशेबतपासनीस उभे राहिले. लोकांच्या ठेवींवर कर्ज काढून खजिनदार रोखे घेत आहेत, व्याजाचे दर चढले तर मुद्दलहि बुडेल, असें ते सांगत. दर तर फेब्रुवारीपासूनच चढूं लागले होते! परंतु वर्षानुवर्षें भरघोस व्याज आणून देणाऱ्या माणसावर संशय कोणीं घ्यावा? शाळांचे पैसेहि त्याच तिजोरींत होते. मतदारांनीं सिट्रॉन यांनाच निवडलें. गणित बरोबर सोडवूनहि नापास झालेला असा परीक्षार्थी माझ्या तरी पाहण्यांत नाहीं.

डिसेंबरांत सुमारें १६४ कोटि डॉलरांचा तोटा उघडकीस आला, सिट्रॉन यांनीं राजीनामा दिला आणि कौंटीनें दिवाळें जाहीर केलें. १९९५ सालीं त्या रिकाम्या खुर्चीवर मूरलॅक यांची नेमणूक झाली. तेव्हां मात्र मतें मागावीं लागलीं नाहींत.