झाकण्यापूर्वी दाखवा



आज मी घरी विमान बांधण्याविषयी चार शब्द बोलणार आहे. हसू नका. ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे, हे आपल्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. पण विमान घराच्या गच्चीवरही तयार झाले आहे, आणि तेही आपल्याच महाराष्ट्रात.

मूळचे सातारा जिल्ह्यातील वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. त्याआधीचे त्यांचे दोन प्रयत्न फसले होते. तिसरे विमान क्रेनने खाली उतरवून फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या प्रदर्शनात मांडले गेले. नोंदणी २०१७ मध्ये झाली, उड्डाणचाचणीची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि २०२० मध्ये ते धुळ्याच्या धावपट्टीवरून उडाले. मालेगाव ओलांडले की धुळे! इतक्या जवळ ही घटना घडली.

यादवांचा आराखडा स्वतःचा होता. परदेशात पुष्कळ हौशी लोक तयार संच विकत घेतात. सांगाड्याचे भाग, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि नकाशे पेट्यांतून घरी येतात. इंजिन बहुधा वेगळे घ्यावे लागते. मग मोटारीच्या गॅरेजमध्ये काही वर्षे काम चालते. अमेरिकेतील नियम ऐकण्याजोगा आहे: निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलेले असावे, आणि ते शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी असावे. पाहा, कायद्यानेच विमानबांधणीला शिक्षण म्हटले आहे!

हे शिक्षण कसले? पत्र्याला छिद्र पाडले की कडेला धातूची बारीक कोर राहते. ती घासून काढली नाही, तर पुढे तिथूनच तडा सुरू होऊ शकतो. हजारो रिव्हेट ठोकायचे, तर हजारो छिद्रे साफ करायची. पंख पत्र्याने बंद झाल्यावर आतले कोणाला दिसत नाही. म्हणून चांगला बांधणारा पंख बंद करण्यापूर्वी जाणकाराला बोलावतो आणि म्हणतो, "चूक असेल तर आताच सांगा." ब्रिटनमध्ये तर हौशी विमानाची तपासणी अशी टप्प्याटप्प्यानेच होते.

इथे मला माझे बालपण आठवते. बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद घेऊन मी एक विमान केले होते. पंखाची मुख्य काडी तासताना चिरली. नवा बांबू मागितला तर अब्बा रागावतील, या भीतीने मी चिरेवर कागद चिकटवला. वरून पंख सुरेख दिसे. पहिल्याच फेकीत तो मोडला. अब्बांनी तुकडे हातात घेऊन एवढेच विचारले, "चिरली तेव्हा का नाही दाखवलीस?" मला उत्तर देता आले नाही. खेळणे होते म्हणून भागले. खऱ्या विमानात माणूस बसलेला असतो.

विद्यार्थी मित्रांनो, न समजलेले गणित उत्तर उतरवून झाकले, तर पुढच्या इयत्तेत ते तिथूनच मोडते. फसलेले पान फाडू नका, गुरुजींना दाखवा.

आणि पालकांनो, मुलगा किंवा मुलगी चूक घेऊन तुमच्याकडे आली, तर आधी ऐकून घ्या. ज्या घरात चुकीला मार मिळतो, त्या घरात मुले चिरेवर कागद चिकटवायला शिकतात. विमानाला लागणारा पैसा आपल्यापैकी थोड्यांकडेच असेल. पण चूक उघडपणे दाखवता येईल असे घर उभारायला पैसा लागत नाही. ते आपण प्रत्येकजण आजपासून उभारू शकतो.