वजावट आणि पर्यायी किमान कर
(मंडळाच्या भाईंदर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आयकर हा विषय उपयुक्त असला तरी मनोरंजक नव्हे, हे आम्ही जाणून आहो. तथापि मिठागरांच्या आणि भातशेतीच्या या परिसरात इमारती उभ्या राहू लागल्यापासून आपल्यांतील कित्येक कुटुंबे भागीदारीने बांधकामाच्या धंद्यात शिरली आहेत. शंभर टक्के वजावट मिळाली म्हणजे कर शून्य झाला, अशी त्यांतील अनेकांची समजूत आहे. या समजुतीवर विसंबून नफा वाटून टाकला, की पुढे कर भरण्यास पेढीत पैसाच उरत नाही. आज बोलावयाचे ते याविषयी.

स्वस्त घरे बांधणाऱ्यांस 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 80-आयबीए खाली नफ्याइतकी पूर्ण वजावट मिळते. प्रकल्पास 1 जून 2016 ते 31 मार्च 2022 या काळात मंजुरी मिळालेली असावी आणि मंजुरीपासून पाच वर्षांत काम पुरे व्हावे, या तिच्या प्रमुख अटी. आपल्या मुंबई महानगर प्रदेशात, 1 सप्टेंबर 2019 पासून मंजूर झालेल्या प्रकल्पांतील घर 60 चौरस मीटर चटई क्षेत्राहून मोठे व मुद्रांक मूल्याने 45 लाखांहून अधिक किमतीचे नसावे, अशीही अट आहे.

ही वजावट एका हाताने देऊन सरकारने दुसऱ्या हाताने पर्यायी किमान कर ठेवला आहे. कल्पना जुनी आहे. दोन लाख डॉलरांहून अधिक उत्पन्न असलेल्या 155 जणांनी आयकराचा एक डॉलरही भरला नाही, असे 1969 साली अमेरिकेच्या अर्थमंत्र्यांनी सांगितले आणि तेथे गहजब उडाला. आपल्याकडे 1987 साली कंपन्यांवर किमान कर आला. 2011 साली तो मर्यादित दायित्व भागीदारीस आणि 2012 च्या अर्थसंकल्पाने साध्या पेढ्या व व्यक्ती यांसही लागू झाला.

त्याची रीत अशी. प्रथम नेहमीचा कर काढावयाचा. मग घेतलेली वजावट उत्पन्नात परत मिळवावयाची आणि त्या रकमेवर साडेअठरा टक्के काढावयाचे. दोहोंपैकी जो आकडा मोठा, तो भरावयाचा.

समजा, भागीदारांचे वेतन व व्याज वजा जाऊन पेढीस 60 लाख नफा झाला व तो सर्व वजावटीस पात्र आहे. नेहमीचा कर शून्य. पण किमान कर, उपकर बाजूस ठेवला तरी, 11 लाख 10 हजार होतो. वजावट नसती तर तीस टक्क्यांनी 18 लाख द्यावे लागले असते. म्हणजे वजावट वाया गेली नाही. तिचा त्या वर्षीचा खरा लाभ 6 लाख 90 हजारांचा, एवढेच. आगाऊ करही याच हिशेबाने भरावा लागतो, हे भागीदारांनी नफा उचलण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

जादा भरलेली रक्कम मात्र बुडत नाही. ती जमा म्हणून पुढील पंधरा वर्षे ओढता येते. पुढच्या वर्षी त्याच पेढीस वजावटीविना 40 लाख नफा झाला, तर नेहमीचा कर 12 लाख, किमान कर 7 लाख 40 हजार. मधल्या 4 लाख 60 हजारांपुरती जमा वापरता येईल व साडेसहा लाख शिल्लक राहतील. आमच्या मते खरी मेख येथेच आहे. एका इमारतीसाठी पेढी काढावयाची व चाव्या दिल्यावर ती मोडावयाची, असा आपल्याकडील प्रघात. जमा पेढीच्या नावे असते, भागीदाराच्या नव्हे. पेढी मोडली की जमाही गेली. दोघा भावांनी दुसरे काम त्याच पेढीत घेतले तर लाखो रुपये वाचतात, आणि कागदही कमी होतात!

पेढीचे कोणतेही उत्पन्न या करातून सुटत नाही. व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब यांस मात्र वजावट मिळवून झालेले उत्पन्न 20 लाखांपर्यंत असेल तर तो लागू नाही. नव्या करपद्धतीत गेलेल्यांसही तो नाही. पण तेथे 80-आयबीएची वजावट नाही आणि साठलेली जमाही वापरता येत नाही.

भाईंदर पूर्वेतील स्टीलच्या भांड्यांच्या कारखानदारांनी उगाच घाबरू नये. नव्या कामगारांच्या वेतनाची कलम 80-जेजेएएची वजावटही या हिशेबात परत मिळवली जाते. परंतु पेढीची अशी एकूण वजावट नफ्याच्या सुमारे 38 टक्क्यांहून अधिक झाल्याशिवाय किमान कर डोके वर काढीत नाही. विमा, भविष्यनिर्वाह निधी, देणग्या या घरगुती वजावटी त्यात मुळीच येत नाहीत. सहकारी पतपेढ्यांची कलम 80-पी ची वजावटही नाही.

2025 चा नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासूनच्या उत्पन्नासाठी आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यापूर्वीच्या उत्पन्नास जुनाच कायदा लागू असून, चार्टर्ड अकाउंटंटचा 29-सी नमुन्यातील दाखला विवरणपत्राच्या मुदतीच्या एक महिना आधी दाखल करावा लागतो.