जपून ठेवलेला आवाज

(शाळेच्या हीरक महोत्सवात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



केरळच्या कोट्टयम जिल्ह्यात प्लाशनाल नावाचे लहानसे गाव आहे. तेथे सनी मॅथ्यू या संग्राहकाने जुन्या ग्रामोफोनांचे संग्रहालय उभारले आहे. दोनशेहून अधिक यंत्रे आणि सुमारे एक लाख तबकड्या, एवढा संसार एका माणसाच्या छंदातून उभा राहिला. केरळच्या सहलीत थोडी वाट वाकडी करून तेथे जाणाऱ्याला एक गोष्ट उमगते : इतर संग्रहालये डोळ्यांनी पाहावयाची असतात, हे मात्र कानांनी पाहावयाचे आहे.

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला. कथिलाच्या पातळ पत्र्यावर त्याने प्रथम उमटवले ते एक साधे बालगीत. पुढे बर्लिनरने नळकांड्याऐवजी सपाट तबकडी आणली आणि एका मूळ मुद्रणावरून असंख्य प्रती काढणे सोपे झाले. या तबकड्यांना लागणारी लाख बहुतांशी भारतातील, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलांतील. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर एक इवलासा किडा जो स्राव सोडतो, त्याच्या आधारे जगभरचे गाणे टिकून राहिले. तबकडी मात्र ठिसूळ. हातातून निसटली की तुकडे झालेच.

यंत्राची रीतही शिस्तीची. चावी द्यावी, पोलादी सुई बसवावी, एक बाजू वाजून झाली की सुई बदलावी. दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तासभर राग आळवणाऱ्या गायकाला तेवढ्यात त्याचे सार मांडावे लागे. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कलावंत कर्ण्यात तोंड घालून गात असे.

नोव्हेंबर १९०२ मध्ये गेसबर्ग या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. गाणे संपताच त्या स्वतःचे नाव उच्चारीत. मुद्रणे तबकड्या काढण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जात. तेथील कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे, म्हणून ही व्यवस्था. सोय म्हणून उच्चारलेले ते नाव आज शतकानंतरही स्पष्ट ऐकू येते.

याच्या उलट उदाहरण भास्करबुवा बखले यांचे. पुण्यात १९११ साली भारत गायन समाज स्थापन करणारे हे थोर गवई १९२२ साली निवर्तले. गेसबर्ग आला त्यानंतर ते वीस वर्षे गात होते; तरीही त्यांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. त्यांचे शिष्य बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव तबकड्यांवर भेटतात. गुरूचा आवाज मात्र केवळ आठवणींतून वर्णिला जातो. यंत्र होते, गायक होता, काळही एकच होता. तरी आवाज हरपला.

मराठी मुलखाबाहेरच्या मराठी शाळेला हा धडा विशेष लागू पडतो. परप्रांतात तीन पिढ्या रुजलेल्या घरांतील आजी-आजोबांची मराठी पुस्तकात सापडत नाही. तिच्यात मूळ गावचा हेल असतो, शेजारच्या भाषेतून आलेले शब्द असतात, जात्यावरच्या ओव्या असतात. ती बोली त्या घराबाहेर कोठेच नोंदलेली नाही. नातवंडे उत्तम इंग्रजी बोलतात, याचा अभिमान अवश्य असावा. परंतु आजीच्या आवाजातील एखादी ओवी घरात जपलेली नसेल, तर उद्या तिचेही वर्णनच उरेल.

आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे साधन आहे. लाख नको, कर्णा नको, तीन मिनिटांची मर्यादा नाही. अडचण एकच : मुद्रण होते आणि तसेच विसरून जाते, आवाज कोणाचा, हे पुढच्या पिढीला कळत नाही. म्हणून गौहर जान यांची रीत उचलावी. बोलणाऱ्या ज्येष्ठाने शेवटी स्वतःचे नाव, मूळ गाव आणि त्या दिवशीची तारीख सांगावी. शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थ्यांनी आपल्या वर्गाच्या आठवणी अशाच सांगाव्यात, आणि त्यांची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात यावी.

हीरक महोत्सवात शाळेला वास्तू, पंखे, बाके अशा देणग्या मिळतात आणि त्या मोलाच्याच आहेत. त्यांच्या जोडीला प्रत्येक घरातून एक आवाज आला, तर शताब्दीच्या दिवशी तेव्हाची मुले तो ऐकतील, आणि शेवटी उच्चारलेले नाव आपल्याच पणजीचे आहे, हे त्यांतील एखाद्याच्या ध्यानी येईल.