काचबिंदूची राखण



मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं ऐकायला सख्ख्या भावांसारखी वाटतात. या सारखेपणानं आपल्या भागात फार घात केला आहे. मोतीबिंदू असला की लोक म्हणतात, ‘पिकू द्या, मग काढू.’ शस्त्रक्रियेनं बहुधा दिसायलाही लागतं. तोच हिशेब काचबिंदूला लावला, तर सारं संपतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच सुकत जाते. तिच्याबरोबर गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली राखता येते, एवढंच.

शिवाय तो बहुधा दुखत नाही. शेजाऱ्यानं बांध कोरत यावं, तसा तो कडेकडेनं दृष्टी कोरत येतो. समोरचं दिसत असतं, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. दक्षिण भारतातल्या पाहण्यांत काचबिंदू असलेल्या दहांपैकी नऊ जणांना तो असल्याचं ठाऊकच नव्हतं.

ज्यांना ठाऊक आहे, त्यांची अडचण वेगळी. थेंब रोज घालायचे आणि तपासणी आयुष्यभर करायची. अणदूरहून सोलापूर गाठायचं म्हणजे एसटीचं भाडं, बुडालेला रोज आणि सोबतीला घरातलं एक माणूस. दोन-तीन खेपा होतात. मग ‘आता बरं आहे’ म्हणून जाणं थांबतं, पाठोपाठ थेंबही थांबतात.

मग प्रत्येकानं दरवेळी मोठ्या दवाखान्यातच जायला हवं का? काहींचा दाब थोडा वाढलेला असतो, पण नस शाबूत असते. काहींची तब्येत थेंबांवर वर्षानुवर्षं स्थिर असते. ब्रिटनमध्ये अशा कमी धोक्याच्या अनेकांची तपासणी घराजवळच्या प्रशिक्षित दृष्टितज्ज्ञाकडे होते. तो डोळ्याचा दाब मोजतो, नस पाहतो, कडेची नजर तपासतो आणि मागच्या नोंदीशी ताडून बघतो. फरक दिसला, की तज्ज्ञ डॉक्टरकडे पाठवतो.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय आणि हैदराबादची एल. व्ही. प्रसाद संस्था यांनी खेड्यापाड्यांत दृष्टिकेंद्रं चालवून दाखवली आहेत. तिथं तंत्रज्ञ डोळे तपासतात आणि गरज पडली तर दूरवरच्या डॉक्टरांचा सल्ला घेतात. अणदूरला तर हा विचार समजावून सांगायलाच नको. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. आरोग्याचं काम गावातलं माणूस शिकून करू शकतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

मात्र एक सावधगिरी हवी. चष्मा विकणारा प्रत्येक जण दृष्टितज्ज्ञ नसतो. या व्यवसायाच्या नोंदणीसाठी २०२१ साली केंद्राचा कायदा झाला. तपासणाऱ्याचं शिक्षण काय, हे विचारायला लाजू नका. नुसता दाब मोजून भागत नाही. दाब नेहमीसारखा असूनही काचबिंदू होतो. आणि धोका कमी की जास्त, हे आधी डोळ्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

आमच्या घरात दखनी बोलली जाते. तिथं ‘नजर’ म्हणजे दृष्टीही आणि लागणारी दृष्टही. नजर लागू नये म्हणून आपण पोरांना तीट लावतो. नजर जाऊ नये म्हणून काय करतो?

आमचा खंडोबा वर्षातले काही महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात असतो, उरलेले अणदुरात. ठरल्या वेळी देव निघतो आणि दोन्ही गावं ती वेळ पाळतात. तपासणीची तारीखही तशीच पाळावी. चाळिशी उलटली असेल, आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल, तर डोळे एकदा नीट तपासून घ्या. थेंब चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. जुने कागद एका पिशवीत जपून ठेवा. पुढच्या तपासणीला तेच उपयोगी पडतात. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची तारीख आली, की त्या दिवशीचं शेतातलं काम एक दिवस पुढं ढकला.